ओढ्यांना हवी जागा

कोथरूडच्या टेकड्यांवरून उतरून मुठेला मिळणारे ओढे आता ‘नाले’ म्हणूनच ओळखले जातात. पाणवनस्पती लावून ते पुन्हा जिवंत करता येतील काय?

पाणवनस्पती म्हटले की पुणेकरांना आठवते ती जलपर्णी, आणि ती काढण्यावर होणारा खर्च! परंतु जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतून आलेली, तरंगणारी वनस्पती. तिच्या दाट थराखाली पाणी गुदमरते. काठाशी रुजणारे पाणकणीस, लव्हाळे, वेखंड यांची रीत निराळी. ही झाडे प्राणवायू मुळांपर्यंत नेतात. तेथील जिवाणू पाण्यातील घाण पचवितात. देठांमुळे प्रवाह मंदावून गाळही खाली बसतो. पुण्याचेच डॉ. संदीप जोशी यांनी २०१० साली उदयपूरच्या आयड नदीत दगड, काथ्या व वनस्पती यांचा ‘हरित सेतू’ उभारला होता.

तथापि केवळ रोपे लावून भागेल, असे आम्हांस वाटत नाही. मैलापाणी आधी मलवाहिनीत वळविले पाहिजे. तळ काँक्रीटचा असेल तर मुळे रुजणार कोठे? शिवाय वाढलेले पाणकणीस वेळोवेळी कापून न्यावे लागते. अन्यथा ते कुजून, शोषलेले नत्र व स्फुरद पाण्यालाच परत करते.

सर्वांत कठीण प्रश्न जागेचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने घेतलेले बळी पुणेकर विसरलेले नाहीत. आक्रसलेल्या पात्रात दाट झाडी वाढविणे म्हणजे पुराची पातळी वाढविणे. म्हणून पात्राला आधी रुंदी परत द्यावी लागेल. आणि कोथरूडसारख्या दाट वस्तीत ती बहुधा एखाद्या वाहनतळातून वा सोसायटीच्या कुंपणाआतूनच काढावी लागेल.