क्रमाबाहेरचे आणि विकृत : वसई धर्मप्रांतास खुले पत्र

प्रति,
वसई धर्मप्रांत

समलिंगी व्यक्तींविषयी कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात आहे. २३५७ ते २३५९ असे तीनच परिच्छेद. पहिला समलिंगी शरीरसंबंधांना नैतिक मान्यता नाकारतो. दुसरा सांगतो, की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे वागवावे, त्यांच्या वाट्याला अन्याय्य भेदभाव येऊ देऊ नये. तिसरा त्यांना संयमी, शुद्ध जीवनाची हाक देतो. या तिन्हींपैकी पहिला परिच्छेद सर्वांना ठाऊक असतो. दुसरा फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि त्याचे एक कारण भाषेत आहे.

पहिल्या परिच्छेदाचा सगळा भार एका पारिभाषिक शब्दावर आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी मांडले, की प्रत्येक मानवी क्रियेला तिचे म्हणून एक उद्दिष्ट असते. चर्चच्या शिकवणीनुसार कामजीवनाचे उद्दिष्ट म्हणजे पती-पत्नीचे ऐक्य आणि अपत्य. त्या उद्दिष्टाकडे न वळलेली क्रिया क्रमाबाहेरची ठरते. इंग्रजीत यालाच 'डिसऑर्डर्ड' म्हणतात. मराठीत त्याचे 'विकृत' केले की अर्थच पालटतो, कारण मराठीत विकृती म्हणजे रोग, किळस, सडकेपणा. अक्वायनस यांचा युक्तिवाद कोणाला पटो वा न पटो, तो रोगाविषयी नव्हता. शिवाय तोच निकष लावून १९६८ च्या 'हुमाने व्हीते' या परिपत्राने कृत्रिम संततिनियमनही अमान्य केले. तरीही गोळ्या घेणाऱ्या जोडप्याला कोणी विकृत म्हणत नाही. एकाच तराजूत तोललेल्या दोन गोष्टींपैकी एकीच्या वाट्याला नापसंती यावी आणि दुसरीच्या वाट्याला शिवी, हा अन्याय धर्मशिक्षण ग्रंथाने केलेला नाही. तो सवयीने झालेला आहे.

समलिंगी कल आजार आहे, असेही चर्चची शिकवण म्हणत नाही. या कलाचा मानसिक उगम बहुतांशी उलगडलेला नाही, असे ग्रंथात नमूद आहे. वैद्यकशास्त्राचा निर्वाळा मात्र स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी कल 'बदलण्याच्या' उपचारांना मनाई करण्याचे आदेश दिले आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. प्रार्थनेच्या बळावर कल बदलण्याचा दावा करणारी अमेरिकेतील 'एक्झोडस इंटरनॅशनल' ही ख्रिस्ती संघटना १९७६ पासून काम करत होती. २०१३ मध्ये तिच्याच प्रमुखाने जाहीर माफी मागून ती बंद केली. मुलाला 'बरे' करण्यासाठी आईबापांनी त्याला प्रार्थनासभांमधून फिरवावे, याला ना शास्त्राचा आधार आहे ना धर्मशिक्षणाचा. त्यातून त्या मुलाच्या मनात देवाविषयी भीती तेवढी उरते.

कायद्याची गोष्टही 'क्रमा'च्या याच भाषेभोवती फिरते. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा फौजदारी कायदा केला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत तो कलम ३७७ होऊन आला आणि निसर्गक्रमाविरुद्धचे कृत्य ही जुन्या ख्रिस्ती नीतिशास्त्राची भाषा त्या कलमात जशीच्या तशी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते रद्दबातल ठरवले. त्याआधी, डिसेंबर २०१३ मध्ये हेच कलम पुन्हा लागू झाले तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितले होते, की समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवावे अशी चर्चची भूमिका नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या जानेवारीत तेच म्हटले.

पारलिंगी व्यक्तींबाबत मराठी वाचकापुढे आणखी एक शब्द उभा राहतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मध्ये फिलिप्प रथात बसलेल्या एका कूशी अधिकाऱ्याला भेटतो, त्याला यशयाचे वचन उलगडून सांगतो आणि वाटेवर पाणी दिसताच त्याचा बाप्तिस्मा करतो. प्रचलित मराठी बायबलमध्ये हा अधिकारी 'षंढ' आहे. भाषांतर झाले त्या काळात तो शब्द केवळ वर्णनपर असेलही, पण आज मराठीत षंढ म्हणजे भेकड, निकम्मा. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायानुसार अशा माणसाला मंडळीत प्रवेश नव्हता. यशया ५६ मध्ये त्यालाच देवाच्या घरात कायमचे नाव देण्याचे वचन मिळते, आणि त्या रस्त्यावर ते पुरे होते. शरीरामुळे ज्याला बाहेर ठेवले होते त्याला पहिल्या ख्रिस्तसभेने काहीही न विचारता आत घेतले, हा या प्रसंगाचा गाभा आहे. मराठी कानाला मात्र आधी शिवी ऐकू येते.

आजच्या रोमची भूमिका सरळ रेषेत नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या उत्तरात श्रद्धा-सिद्धान्त विभागाने ब्राझीलमधील एका बिशपांना कळवले, की पारलिंगी व्यक्तींना स्नानसंस्कार देता येतो आणि त्या विवाहात साक्षीदार होऊ शकतात. काही अटींवर त्यांना धर्मपिता वा धर्ममाताही होता येते. त्याच वर्षी १८ डिसेंबरला 'फिदुचिया सुप्लिकान्स' या रोमच्या घोषणापत्राने समलिंगी जोडप्यांना विवाहविधीशी गल्लत होणार नाही अशा साध्या आशीर्वादाची मुभा दिली. आफ्रिकेतील बिशपांच्या परिषदेने लगेच पुढच्या महिन्यात तो आशीर्वाद आपल्याकडे देण्यास नकार दिला. एप्रिल २०२४ च्या 'दिग्नितास इन्फिनिता'ने लिंगबदलाच्या शस्त्रक्रियांवर टीका केली आणि लैंगिक कलामुळे कोणाला तुरुंगात टाकणे वा छळणे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध असल्याचेही त्याच दस्तऐवजात म्हटले. विवाहसंस्काराविषयीचा मतभेद यातून मिटत नाही आणि तो मिटवणे एका धर्मप्रांताच्या हातात नाही.

शब्द मात्र धर्मप्रांताच्या हातात आहेत. वसईत मिस्सा मराठीत होते, प्रवचन मराठीत होते, 'सुवार्ता' मासिक मराठीत निघते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' याच मातीत राहून लिहिले. चारशे वर्षांपूर्वी फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराणा'साठी मराठी ओवीचा आधार घेतला, कारण परक्या शब्दांत सांगितलेली श्रद्धा लोकांच्या घरात शिरत नाही, हे त्यांना कळले होते. तीच काळजी आता समलिंगी आणि पारलिंगी भाविकांसाठी घेतली जावी. धर्मशिक्षण ग्रंथाचा २३५८ वा परिच्छेद आणि २०२३ चे रोमचे उत्तर यांचा 'विकृती' आणि 'षंढ' हे शब्द टाळणारा मराठी अनुवाद धर्मप्रांताने करावा. कल बदलण्याच्या प्रार्थनासभांना चर्चची मान्यता नाही, हे त्यासोबत लेखी कळवावे. आणि ते पत्र प्रत्येक धर्मग्रामात रविवारच्या मिस्सेत, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचले जावे.