भाडेकरूचा कागद आणि भाडेकरूची भाषा

कोल्हापूरच्या गुजरीत दागिने घडविणारे कितीतरी हात बंगाली आहेत. दिवसभर ज्याच्या स्वाधीन पेढीचे सोने असते, त्यालाच राहावयास खोली देताना मालकाच्या मनात शंका येते : हा हावड्याचा की सीमेपलीकडचा? मग बंगाली भाडेकरूच नको, असा सोपा मार्ग सुचतो. तो अन्यायाचा आहे. महायुद्धाच्या काळात वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना आसरा देणाऱ्या या भूमीला तर तो शोभतही नाही.

कोण परकीय हे ठरविणे शासनाचे काम. मालकाने कागद पाहावेत आणि कळवावे. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्यातही हे बंधन आहे. परदेशी विद्यार्थ्यास खोली देण्यास मनाई नाही, मात्र त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास दिली पाहिजे.

आधार कार्ड पाहून निश्चिंत होणारे पुष्कळ. आधार ओळख सांगते, नागरिकत्व नव्हे. येथे दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तीसही ते मिळते. म्हणून गावचा पत्ता, मतदार ओळखपत्र, आधीची पेढी यांचीही खातरजमा करावी. मूळ प्रत पाहावी. झेरॉक्सवर विसंबू नये. पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करावी.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो करारनामा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृत हवा. ओळखीपाळखीवर खोली देऊन नोंदणी टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ही शिक्षा भाडेकरूला नाही, मालकाला आहे.