घरचा जुना काँप्युटर आणि दुकानदाराचा सल्ला

गेले काही महिने वस्तीत एकच प्रश्न घरोघरी ऐकू येतो आहे. "विंडोज दहा बंद झाले म्हणतात, मग आमचा काँप्युटर आता टाकून द्यायचा काय?" विचारणारे बहुतेक पालक आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, मुलीचा प्रोजेक्ट, मुलाचा बायोडाटा, जयंती मंडळाचा जमाखर्च ही सारी कामे घरच्या त्या एका यंत्रावर होतात. ते यंत्रही कोणी भविष्य निर्वाह निधीतून उचल काढून घेतलेले, तर कोणी एखाद्या ऑफिसने काढून टाकल्यावर स्वस्तात आणलेले. आता दुकानदार सांगतो की यावर नवे विंडोज बसत नाही, नवीन घ्या. चाळीस हजारांचे कोटेशन हातात ठेवतो आणि वर हप्त्याची सोय आहे म्हणतो.

आमच्या गल्लीतील एक ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. असेच कोटेशन घेऊन त्या बचत गटाकडे कर्ज मागायला निघाल्या होत्या. मुलीने अडवले म्हणून थांबल्या. हा लेख त्या आणि त्यांच्यासारख्या घरांसाठी आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही. ऑफिसात दिवसभर काँप्युटरसमोर बसणारा कारकून आहे आणि रविवारी वस्तीच्या अभ्यासिकेतील चार जुने काँप्युटर सांभाळतो. तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे आधी पाहू. काँप्युटर ही ऑफिसची इमारत धरली, तर ऑपरेटिंग सिस्टिम हा तिथला हेड क्लार्क. कोणते टपाल कोणत्या टेबलावर जायचे, कोणती फाईल कोणत्या कपाटात ठेवायची, कोणाला आत सोडायचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे तो ठरवतो. विंडोज हा एक हेड क्लार्क, मॅक हा दुसरा, लिनक्स हा तिसरा. हेड क्लार्क निवृत्त झाला म्हणून कोणी इमारत पाडत नाही. दुकानदार मात्र नेमके तेच करायला सांगतो आहे.

विंडोज दहा २०१५ साली आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार थांबवला. याचा अर्थ काँप्युटर त्या दिवशी बंद पडला असा नाही. तो सुरू होतो, टाईप होते, छापता येते. थांबली ती सुरक्षेची दर महिन्याची डागडुजी. घरगुती वापरासाठी कंपनीने एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. ही डागडुजी महत्त्वाची आहे, उगीच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. फायलींना कुलूप लावायचा आणि ते उघडण्यासाठी पैसे मागायचा. इंग्लंडातील सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्या भोकावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिले होते. ज्यांनी ते लावले नाही ते सापडले. म्हणून डागडुजी नसलेल्या काँप्युटरवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. त्यावर नवीन यंत्र हा एकच इलाज आहे, हे बरोबर नाही.

विंडोज अकरा जुन्या यंत्रावर का बसत नाही? पुष्कळदा यंत्र दुबळे असते म्हणून नव्हे. या प्रणालीला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीप लागते आणि ठरावीक पिढीनंतरचाच प्रोसेसर चालतो. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. पिढी ओळखणे सोपे आहे आणि हे घरातील प्रत्येकाने शिकून घ्यावे, कारण जुना माल विकणारे "आय-फाईव्ह आहे" एवढेच सांगतात. आय-फाईव्हच्या पुढे जो आकडा असतो तो पाहावा. ६५०० असेल तर सहावी पिढी, ८४०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. सहाव्या पिढीचा आय-फाईव्ह विंडोज अकराच्या यादीत नाही, आठव्या पिढीचा आय-थ्री आहे. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' नावाचे फुकट साधन आहे. ते चालवले की आपले यंत्र पात्र आहे की नाही हे घरबसल्या कळते. पात्र असेल तर नवी प्रणाली विनामूल्य मिळते. त्यासाठी दुकानात जाण्याचेही कारण नाही.

विंडोज अकरा घेताना एक गोष्ट मात्र जपा. घरगुती आवृत्ती बसवताना ती मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. दुकानदार घाईत स्वतःचा नाही तर कोणाचा तरी ई-मेल टाकून मोकळा होतो. पुष्कळ नव्या यंत्रांत डिस्कवरील माहिती आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली त्या खात्यात जमा होते. पुढे कधी काँप्युटरने ती किल्ली मागितली, तर आपल्या मुलीची तीन वर्षांची कागदपत्रे त्या माणसाच्या मेहेरबानीवर राहतात. तेव्हा खाते आपल्या नावाचे, पासवर्ड आपल्या वहीत. दुकानदाराला राग आला तरी चालेल.

मॅकबद्दल फार लिहीत नाही. चांगली प्रणाली आहे, पण ती ॲपलच्याच यंत्रावर रीतसर चालते आणि ती यंत्रे आपल्या पगारात बसत नाहीत. स्वस्तात जुना मॅक मिळतो म्हणून कोणी भुलवले तर तो इंटेल प्रोसेसरचा आहे का, ते विचारा. २०२५ साली आलेली 'टाहो' ही इंटेल यंत्रांसाठीची शेवटची आवृत्ती, असे ॲपलनेच जाहीर केले आहे. क्रोमबुक स्वस्त असते, व्हायरसचा त्रास कमी, पण त्याचे बहुतेक काम इंटरनेटवर आणि गूगलच्या खात्यावर. ज्या घरात नेट म्हणजे वडिलांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि वडील दुसऱ्या पाळीला, तिथे ते अडचणीचे होते.

आता लिनक्स. हे नाव ऐकले की लोक बिचकतात. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने या प्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि जगासमोर उघडा ठेवला. कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. ज्ञान कुलपात न ठेवता सर्वांना खुले करणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या खिशातील ॲंड्रॉइड मोबाईलच्या तळाशीही लिनक्सच आहे, तेव्हा हे पाहुणे आपल्या घरात कधीच येऊन बसलेले आहेत. केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच काँप्युटर शिकत आहेत.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. घरासाठी मी 'लिनक्स मिंट' सुचवतो, कारण त्याची मांडणी विंडोजसारखीच आहे. खाली पट्टी, डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ. दोन जीबी रॅमवर ते कसेबसे चालते, चार जीबीवर बरे चालते, आणि यंत्र फारच जुने असेल तर त्याची 'एक्सएफसीई' नावाची हलकी आवृत्ती आहे. मिंटच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षेची डागडुजी मिळणार आहे. पैसे शून्य. चोरीचे विंडोज बसवून घेणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा. ते 'क्रॅक' करणाऱ्या फाईलबरोबर आणखी काय आत येते, हे दुकानदारालाही ठाऊक नसते.

सर्वांत चांगली सोय अशी की, मिंट बसवण्याआधी चालवून बघता येते. त्याची साधारण तीन जीबीची फाईल आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची आणि काँप्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे सारे तपासायचे. पसंत नसेल तर पेनड्राइव्ह काढा, काँप्युटर पुन्हा सुरू करा, जुने विंडोज जागच्या जागी.

रोजच्या कामाचे काय? महाडीबीटीचा अर्ज, बँक, डिजिलॉकर, यूट्यूबवरील व्याख्याने ही कामे ब्राउझरमध्ये होतात आणि ब्राउझर सगळीकडे सारखाच. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस येते. ते वर्डच्या फायली उघडते, मात्र तक्ते आणि फोटो असलेली फाईल कधी कधी इकडची तिकडे सरकते. म्हणून अर्ज पाठवताना पीडीएफ करून पाठवावा. विंडोजवर असलात तरी हीच सवय बरी.

मराठीचा प्रश्न मी जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात. "लिनक्स टाकले आणि आमचे सगळे मराठी गेले," असे एक कार्यकर्ते सांगत आले. मंडळाची दहा वर्षांची इतिवृत्ते उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. मराठी कुठे गेले नव्हते. ती इतिवृत्ते जुन्या फाँटात टाईप केली होती. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटांत आतमध्ये इंग्रजी अक्षरेच असतात, त्यांच्यावर फक्त मराठी मुखवटा चढवलेला असतो. फाँट नसला की मुखवटा गळतो. तीच फाईल तो फाँट नसलेल्या विंडोजवर उघडली तरी अशीच दिसेल. यावर उपाय युनिकोड. युनिकोडमध्ये 'क' हा सगळीकडे 'क'च राहतो, मग यंत्र कोणतेही असो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात, त्याला इलाज नाही. आमच्या मंडळाच्या चाळीस पानांना दोघांना दोन रविवार लागले.

आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांना इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. भारत सरकारने प्रमाण ठरवलेली ही मांडणी विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हींत आयती असते. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने, महिनाभरात हात बसतो. एकदा शिकले की कोणत्याही यंत्रासमोर बसवा, मूल अडत नाही.

आता जिथे लिनक्स उपयोगाचे नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्या दुकानाची जाहिरात होईल. टॅली विंडोजवरच चालते. कोरलड्रॉवर बॅनर करणाऱ्याला विंडोजच हवे. मराठी तीस शब्दांची टंकलेखनाची परीक्षा देणाऱ्या मुलाने त्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये जी प्रणाली, जो कीबोर्ड असेल त्यावरच सराव करावा. परीक्षेच्या दिवशी बोटांनी नवा विचार करता कामा नये. घरबसल्या परीक्षा घेणारी काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीची चावी वापरून सेवा केंद्र चालवणाऱ्याने त्या यंत्राच्या कंपनीकडे चौकशी केल्याशिवाय काहीही बदलू नये.

वर ज्या ताईंचा उल्लेख केला, त्यांच्या मुलीला टॅली लागतेच. तिच्या यंत्रात सहाव्या पिढीचा आय-थ्री आणि चार जीबी रॅम. आम्ही जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. यंत्राच्या वेगात सर्वांत मोठा फरक याच एका बदलाने पडतो. कोटेशनच्या दहाव्या हिश्शाच्या आत खर्च झाला. डिस्कचे दोन भाग केले. एका भागात मिंट, नेट आणि बँकेच्या कामासाठी. दुसऱ्यात जुने विंडोज, फक्त टॅलीच्या सरावासाठी, आणि त्यातले वायफाय बंद करून ठेवले. सुरू करताना यंत्र विचारते, कोणते हवे? पहिला आठवडा ती वैतागली होती, आता विचारतसुद्धा नाही. तिच्या धाकट्या भावाचा गेम चालत नाही म्हणून त्याची तक्रार आहे, ती आईने दाखल करून घेतलेली नाही.

नवीन यंत्र घ्यायचेच असेल तर त्यांनीही घाई करू नये. २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव चढले, आणि तो भार काँप्युटरच्या किमतीवर पडला आहे. ऑफिसातून निघालेले, दुरुस्त केलेले आठव्या किंवा पुढच्या पिढीचे यंत्र चालत असेल तर तेही पाहावे. त्यावर दोन्ही प्रणाली बसतात.

कोणतीही प्रणाली बदलण्याआधी फोटो, मार्कशीट, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र यांच्या प्रती दोन ठिकाणी काढून ठेवा, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या तरी काँप्युटरवर किंवा ई-मेलमध्ये. त्या प्रती उघडून पाहा, नुसते नाव दिसले म्हणून विश्वास ठेवू नका. मिंटचा पेनड्राइव्ह आमच्या अभ्यासिकेत ठेवला आहे. रविवारी सकाळी दहा ते एक, आपले यंत्र घेऊन यावे. प्रिंटर असेल तर त्याची वायरही आणावी, ती कोणीच आणत नाही.