विश्लेषण : जवान सीमेवर गेल्यावर घरच्या अडचणीला सरकारी मदत का नाही?

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात केंद्राने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी) बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ तैनात करण्याची मुभा त्या आदेशात होती. सुट्टीवर आलेले नियमित जवानही आल्या पावली परतले, काही तर अंगावरची हळद उतरण्याआधीच. गावांनी वाजतगाजत निरोप दिले, रील्स व्हायरल झाल्या. पण जवान गेल्यावर त्याच्या घरात काही अडले, तर सरकारचा कोणता निधी धावून येतो?

मदत आहे, पण कोणासाठी?

केंद्रीय सैनिक बोर्ड दिल्लीत, राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, अशी ही रचना आहे. तिच्या आर्थिक मदतीचा मोठा भाग माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांसाठी आहे. केंद्राने १ नोव्हेंबर २०२५ पासून काही अनुदाने दुप्पट केली. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना दरमहा ४,००० ऐवजी ८,००० रुपये, तर दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा २,००० रुपये. ही वाढ आवश्यकच होती. मात्र सेवेत असलेल्या जवानाचे कुटुंब त्या चौकटीत बसत नाही. सैनिकी मुला-मुलींच्या वसतिगृहांत सेवेतील जवानांच्या मुलांना प्रवेश मिळतो, हा एक अपवाद. थोडक्यात, जवान निवृत्त झाला किंवा शहीद झाला की फाइल उघडते. मधली पंधरा-सतरा वर्षे ती जवळपास कोरीच असते.

पगार चालू असतो, मग अडचण कसली?

हा प्रश्न रास्त आहे. नियमित जवानाचा पगार तैनातीत थांबत नाही, उलट खडतर ठिकाणी भत्ते वाढतात. सियाचिनमध्ये जवानाला दरमहा ३०,००० रुपये भत्ता आहे. म्हणजे इथे उत्पन्न बुडण्यापेक्षा, वेळेवर हाती पैसा नसणे आणि धावपळ करायला माणूस नसणे हे दुखणे मोठे. वडिलांना रात्री खासगी रुग्णालयात न्यावे लागले, तर अनामत रक्कम तिथल्या तिथे भरावी लागते. कुटुंबासाठी लष्करी रुग्णालय आहे, पण साताऱ्याच्या किंवा बुलढाण्याच्या खेड्यातून ते किती तासांवर? जमीन मोजणीची नोटीस येते, बांधावरून भांडण होते, वारस नोंदीला सही लागते. आणि सहीचा माणूस नेटवर्कच्या बाहेर. ‘तो आला की बघू’ हे वाक्य सैनिकांच्या घरात नवे नाही.

कोर्टकचेरीपुरती सोय मात्र ब्रिटिशांनी १९२५ मध्येच केली होती. भारतीय सैनिक (खटले) कायद्यानुसार जवान युद्धपरिस्थितीत किंवा अधिसूचित भागात असेल, तर त्याच्याविरुद्धचा दावा न्यायालयाला स्थगित ठेवता येतो. २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने श्रीनगरमध्ये ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. त्यानुसार सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत मोफत कायदेशीर मदत मिळायला हवी. पण वकील मिळाला म्हणून रुग्णालयाचे बिल भरले जात नाही.

प्रादेशिक सेनेचे गणित वेगळे आहे. हे लोक एरवी नोकरी-धंदा करणारे. बोलावणे आले की लष्करी वेतन सुरू होते आणि नोकरी परत मिळण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण गॅरेज किंवा दुकान चालवणाऱ्याने शटर ओढले, तर दुकानाचे भाडे आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

इतरांनी काय केले?

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००३ मध्ये नेमक्या याच कुटुंबांसाठी मदत निधी उभारला. तिथल्या नॅशनल गार्डचे जवानही एरवी नोकरदार, आणि तैनातीत अनेकांचे उत्पन्न घटते. निधीसाठी राज्याच्या आयकर विवरणपत्रात देणगीचा एक रकाना ठेवला. त्यानंतर इतर अनेक राज्यांनी असे निधी सुरू केले. हे मॉडेल जसेच्या तसे आणण्यात अर्थ नाही, कारण आपला नियमित जवान पूर्ण पगारी आहे.

जवळचे उदाहरण आंध्र प्रदेशचे. तिथे सीमेवरील आणि निवृत्त सैनिकांपुरती असलेली घरपट्टी माफी मे २०२५ मध्ये ग्रामपंचायत हद्दीत सेवेतील सर्व जवानांना लागू झाली, पोस्टिंग कुठेही असो. रक्कम फार नाही. पण ‘आधी निवृत्त व्हा’ ही अट गेली, हे महत्त्वाचे.

महाराष्ट्रात काय शक्य?

अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारखी गावे मिरवणाऱ्या राज्याला एक छोटा तातडीचा निधी परवडू नये, हे पटत नाही. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचे संकलन दरवर्षी होते, जिल्ह्यांना त्याची उद्दिष्टेही दिली जातात. त्यातला ठरावीक हिस्सा सेवेतील जवानांच्या घरांसाठी राखून, जिल्हा पातळीवर दोन-तीन दिवसांत मंजूर होणारी परतफेडीची किंवा अनुदानाची रक्कम देता येईल. जवानाच्या युनिटचे पत्र पुरावा म्हणून पुरेसे मानावे. अर्ज पत्नीला किंवा आई-वडिलांना करता यावा, जवानाच्या सहीची अट नको. कारण तो सहीला हजर असता, तर हा अर्ज करायची वेळच आली नसती.