उपाशीपोटी चुकलेली गोळी

ओझर हे विमानांचे गाव. १९६४ पासून येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. विमानाची खरी कसोटी उडताना आणि उतरताना, हे येथल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. भूल देण्याचेही तसेच असते. आपण मात्र ‘ऑपरेशन कोण करणार?’ एवढेच विचारतो. भूल कोण देणार, हा प्रश्न घरात क्वचितच निघतो.

पूर्ण भूल दिल्यावर श्वासासाठी बहुधा श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यासाठी लॅरिन्गोस्कोप नावाचे, दिवा असलेले पाते तोंडातून घालून जिभेचे मूळ उचलतात. माणूस गाढ झोपलेला असतो, पण शरीराला ही ढवळाढवळ कळते. अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात, नाडी धावते, रक्तदाब चढतो. नळी काढतानाही पुन्हा तेच. निरोगी तरुणाच्या शरीरातली ही लाट काही मिनिटांत ओसरते. ज्याचा रक्तदाब आधीच बेलगाम आहे किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्याच्या ती जिवावर बेतू शकते.

साधने सुधारली, यात शंका नाही. रॉबर्ट मॅकिंटॉश यांचे १९४३ मधले वळणदार पाते आजही वापरात आहे. १९८१ मध्ये लंडनला डॉ. आर्ची ब्रेन यांनी घशातच बसणारा लॅरिन्जियल मास्क तयार केला. नळी स्वरयंत्रातून जातच नसल्याने त्यात नाडी आणि रक्तदाब कमी उसळतात. पण पोट भरलेल्या रुग्णाला तो सहसा लावत नाहीत, कारण पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती. अलीकडच्या कॅमेऱ्याच्या लॅरिन्गोस्कोपने स्वरयंत्र पडद्यावर स्वच्छ दिसते. नळी घालायला अवघड अशा रुग्णांना तो वरदानच. तरी त्याने रक्तदाब हमखास कमी चढतो, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. नळी आत सरकायची ती सरकतेच!

म्हणून ‘नवे मशीन आहे का?’ या चौकशीपेक्षा घरच्यांच्या हातात असलेली गोष्ट मला मोठी वाटते. उपाशी राहायला सांगितले की आपण सकाळची रक्तदाबाची गोळीही टाळतो. वास्तविक बहुतेक गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात. काही मोजक्या थांबवाव्या लागतात. कोणती घ्यायची, हे भूलतज्ज्ञाने ठरवायचे, शेजाऱ्याने नव्हे. काही गोळ्या तर एकाएकी बंद करणेच घातक.

आणि रक्तदाब १८०-११० च्या वर निघाला म्हणून त्याने, घाईची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तर ‘रजा वाया गेली, पाहुणे येऊन बसलेत’ म्हणून त्याच्यावर आवाज चढवू नये. नकार देण्यात त्याचा कसलाच फायदा नसतो.

आदल्या दिवशी तपासणीला जाताना रिपोर्टांबरोबर गोळ्यांची पाकिटेही पिशवीत टाकावीत. ‘ती लाल गोळी, रात्रीची’ एवढ्याने कोणत्याच डॉक्टरला काही कळत नाही.