सौदा करण्याआधी जमीन मोजून घ्या

आपल्याकडे घरासाठी प्लॉट बघायला गेलेला माणूस हमखास तीन प्रश्न विचारतो. भाव काय, मशीद किती लांब आणि शेजारी कोण? चौथा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. जी जमीन दाखवली जातेय, तीच कागदावर आहे का, आणि ती तेवढी भरते का? जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावात शेताचे प्लॉट पडतात आणि तोंडी बोलीवर विकले जातात. तिथे हा चौथा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला पाहिजे, असं माझं मत आहे.

आपल्यापैकी अनेक जण व्याज नको म्हणून बँकेचं कर्ज घेत नाहीत. आखातात राहून साठवलेला पैसा, भिशी, आईचे दागिने, भावांची मदत, असं करून रक्कम उभी राहते. या निर्णयाचा मला आदर आहे. पण त्याची दुसरी बाजूही बघा. बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील मागच्या वर्षांचे व्यवहार तपासतो, तिचा माणूस जागेवर येऊन किंमत ठरवतो. बँक हे स्वतःच्या पैशाच्या काळजीने करते, पण फायदा आपल्यालाही होतो. कर्ज नसेल तर ही चाळणीही नसते. म्हणून जो रोखीने घेतो, त्याने स्वतःच बँकेसारखं वागायला हवं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोंद बरोबर आहे म्हणजे प्रत्यक्षातली गोष्ट बरोबर आहे, असं आमच्या कामात कुणी धरत नाही. सातबाऱ्याचंही तसंच आहे. कुणाच्या नावावर किती क्षेत्र आहे ते सातबारा सांगतो. पण ते क्षेत्र जमिनीवर नेमकं कुठून कुठपर्यंत आहे, हे सांगत नाही. खरेदीखतातली चतुःसीमा बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिली जाते. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, जागेवर टेप घेऊन येत नाही.

जागेवर येतो तो भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे जातो आणि तो ऑनलाइनही करता येतो. अर्ज नावावर जमीन असलेल्या माणसाने करायचा असतो, म्हणून विकणाऱ्याला राजी करणं हे आपलं पहिलं काम. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, मोजणी होते, हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. खासगी सर्व्हेअरकडून आधी अंदाज घ्यायला हरकत नाही. पण उद्या वाद झाला तर वजन सरकारी मोजणीला असतं.

माझ्या मावसभावासाठी आम्ही जिंतूरमध्ये 30 बाय 40 चा एक प्लॉट पाहिला होता. लेआउटच्या झेरॉक्सवर समोर 20 फुटी रस्ता होता. मोजणीत कळलं, की त्या रस्त्याचा अर्धा भाग शेजाऱ्याच्या गटात जातो. शेजाऱ्याने उद्या कुंपण घातलं असतं, तर घरासमोर गाडी वळवायलाही जागा उरली नसती. विकणारा लबाड नव्हता, त्यालाही हे ठाऊक नव्हतं. आम्ही तो सौदा सोडला.

मोजणीबरोबर कागदही बघावे लागतात. बाँड पेपरवर नोटरी करून घेतलेल्या प्लॉटची मालकी मिळत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते, आणि मुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या विक्रीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच हे स्पष्ट केलं आहे. 30 बाय 40 म्हणजे 1200 चौरस फूट, एका गुंठ्याहून (1089 चौरस फूट) थोडं जास्त. शेतजमिनीतला एवढा तुकडा 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात अडकू शकतो. म्हणून अकृषिक परवानगी आणि मंजूर लेआउट विचारा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही.

दोन गोष्टी खास आपल्या घरच्या आहेत. पहिली, वक्फ आणि इनाम. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या खर्चासाठी दिलेल्या जमिनी इथे गावोगावी आहेत. म्हणून आजच्या गट क्रमांकाचा जुना सर्व्हे नंबर काढा, 1954-55 चं खासरा पत्रक बघा, आणि छत्रपती संभाजीनगरच्या वक्फ मंडळाच्या नोंदीशी ताडून पाहा. अल्लाहच्या नावाने दिलेल्या जागेवर नकळतही आपलं घर उभं राहू नये. दुसरी, बहिणींचा हिस्सा. विकणाऱ्याच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा फेरफार वाचा. त्यात फक्त मुलांची नावं असतील, तर मुली कुठे गेल्या ते विचारा. शरियतने दिलेला हिस्सा फेरफारात गाळला म्हणून संपत नाही. तो उद्या दाव्याच्या रूपाने आपल्या दारात येतो. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्याच.

बांधलेलं घर घेणार असाल तर सिव्हिल इंजिनिअरला सोबत न्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायाच्या भिंतींना तिरक्या भेगा पडतात. नवा रंग त्या भेगा झाकतो. जुन्या माळवदाच्या घरांत तर आणखी सावध राहावं. 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या जड माळवदांनी किती माणसं गाडली, हे मराठवाड्याला सांगायला नको.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. "मोजणीला वेळ लागतो, तोवर सौदा हातचा जाईल." मग इसार पावतीतच लिहून घ्या, की मोजणीत क्षेत्र कमी भरलं तर किंमत त्या प्रमाणात कमी होईल, आणि हद्दीचा वाद निघाला तर इसार परत मिळेल. दुसरं उत्तर, "आपलाच माणूस आहे, मोजणी मागणं बरं दिसत नाही." सूरह बकराची 282 वी आयत, कुरआनातली सर्वांत मोठी, देण्याघेण्याचं लिखापढी आणि साक्षीदार याबद्दलच आहे. लिहून आणि मोजून घेणं हा अविश्वास असता, तर ही ताकीद आपल्याला मिळालीच नसती.

आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना ऑनलाइन सातबारा काढता येत नाही. आपल्याला येतो. प्रत्येक मोहल्ल्यात चार शिकलेल्या पोरांनी महिन्यातला एक रविवार दिला, सातबारा, फेरफार आणि दस्ताची सूची-2 काढून दिली, मोजणीचा अर्ज भरून दिला, तरी अनेक घरांची आयुष्यभराची हलाल कमाई वाचेल. सुरुवात आपल्या घरच्या कागदांपासून करा. आजोबांच्या नावावरची जागा आज कुणाच्या नावावर आहे आणि ती कधी मोजली होती, हे या आठवड्यातच बघून घ्या.