कुलूप भक्कम, पण आत कोण?

मार्च २०२५मध्ये अमेरिकेचे बडे अधिकारी येमेनमधील हल्ल्याची चर्चा ‘सिग्नल’ या अ‍ॅपवर करत होते. त्या गटात ‘द अटलांटिक’चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना चुकून सामील करून घेतले गेले. हल्ल्याची वेळ त्यांना आधीच कळली. अ‍ॅपची सांकेतिक भाषा कुणी फोडली नव्हती. चूक झाली ती माणूस ओळखण्यात.

लष्करी मोबाइल यंत्रणांबाबत संदेश किती गुप्त राहतो, याचीच चर्चा जास्त होते. फोन कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्याआधीचा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोटाचा ठसा बदलता येत नाही. शिवाय चिखलाने माखलेल्या बोटापुढे किंवा हातमोज्यापुढे ठसा वाचणारे यंत्र हतबल ठरते. म्हणून फोनच्या चिपमधील गुप्त किल्ली आणि जवानाला ठाऊक असलेला पिन, दोन्ही जुळल्यावरच दार उघडावे. फोन शत्रूच्या हाती पडल्यास त्याची मान्यता मुख्यालयातून लगेच रद्द व्हावी. संपर्क तुटला असेल, तर तिची मुदत आपोआप संपावी.

भारतीय लष्कराने ‘संभव’ ही स्वतःची सुरक्षित मोबाइल यंत्रणा उभारली, हे योग्यच. मात्र ओळख पटवण्याची रीत किचकट असेल, तर घाईतला अधिकारी पुन्हा सोयीच्या अ‍ॅपकडे वळतो. त्यामुळे अशी यंत्रणा किती अभेद्य आहे, याबरोबरच ती थंडीत, अंधारात, धावपळीत किती सेकंदांत उघडते, हेही तपासायला हवे.